वाळलेले पान आणि दोन फटके

गोल्फच्या मैदानावर प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच फिरत नाही. आपली चूक खेळाडूने आपणच सांगायची असते आणि शेवटी गुणपत्रिकेवर सही करायची असते. हा नियम आधी सांगते, कारण माझ्या धाकट्या भावाची कीर्ती आणि आमच्या घरातला अबोला या दोन्हींचे मूळ त्यात आहे.

आमचे वडील मुंबईच्या एका गोल्फ मैदानावर माळी होते. कोणा सदस्याने टाकून दिलेली एक गोल्फची स्टिक त्यांनी आमच्या गावी, चांदीपला आणली. भात कापून झाल्यावर शेत मोकळे होई. तिथे ढेकळांमधून चेंडू मारत भाऊ शिकला. गावातले लोक बांधावरून ओरडत, "अरे, काठीनं उंदीर मारतोस काय?" पुढे तो नालासोपाऱ्यातल्या एका कारखान्याच्या कचेरीत नोकरीला लागला, पण खेळ सोडला नाही. तो हौशी खेळाडू राहिला, म्हणजे जिंकला तरी बक्षिसाची रक्कम घेत नसे. वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र येऊ लागले, तेव्हा बांधावरचेच लोक पाहुण्यांना आमचे घर दाखवू लागले.

देशपातळीवरच्या हौशी स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी मी प्रेक्षकांच्या दोरीमागे उभी होते. गोल्फमध्ये ज्याला कमी फटके लागतात तो जिंकतो; भाऊ एका फटक्याने पुढे होता. अखेरच्या टप्प्यावर त्याचा चेंडू कडेच्या वाढलेल्या गवतात, माझ्या अगदी समोर गेला. त्याने चेंडूजवळचे वाळलेले पान उचलले आणि चेंडू बोटभर घसरला. तो चेंडू मूळ जागी ठेवायला हवा होता. न ठेवता मारला, तर दंड दोन फटक्यांचा. त्याने तसाच मारला. सोबतचा खेळाडू तेव्हा दूर होता.

मी शाळेत गणित शिकवते. उत्तरपत्रिकेत चुकून जास्त गुण पडलेले दिसले, तर मूल कोणाचे हे न पाहता मी ते कमी करते. त्याच सवयीने, सही होण्यापूर्वी मी गुणपत्रिका जमा करायच्या तंबूच्या दाराशी त्याला हाक मारली.

"पान उचललंस तेव्हा चेंडू हलला."

"काय सांगतेस ताई? मला तर दिसलंच नाय."

 मग आत जाऊन त्याने दोन फटके वाढवून घेतले आणि एका फटक्याने हरला.

त्या विजेतेपदाने मिळाले नसते एवढे नाव त्या पराभवाने मिळाले. प्रामाणिक खेळाडू म्हणून शाळा आणि मंडळे त्याला बोलावू लागली. त्याच्या भाषणात मी कुठेच नव्हते. मला त्याचे वाईट वाटले नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. घरी मात्र मी सर्वांच्या लक्षात होते. वडील म्हणाले, "तीस वर्सं साहेब लोक पायानं चेंडू सरकवताना बघितले बाय. कोनी कार्ड बदललं नाय. नियम काय तो माळ्याच्या पोरालाच?"  त्यांनी माझ्याशी बोलणे जवळजवळ थांबवले. भावाला खरोखरच दिसले नव्हते आणि मी त्याला एका न कळलेल्या चुकीतून सोडवले, एवढ्याच समजुतीवर मी ते सोसले.

यंदा आमच्या शाळेने त्याला व्याख्यानाला बोलावले. परिचय मीच करून दिला. नंतर आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, कोणीच बघत नव्हतं, मग चेंडू हलल्याचं तुम्हाला कसं कळलं?"

भाऊ शांतपणे म्हणाला, "मला स्वतःला दिसलं होतं. तेवढं पुरेसं असतं."

टाळ्या झाल्या. शेजारी बसलेल्या शिक्षिका माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "शेवटी संस्कार तुमच्याच घरचे!"

गाडीपाशी मी त्याला गाठले. "तेव्हा दिसलं नाही म्हणाला होतास."

"दिसलेलं ताई." त्याने मान वर केली नाही. "तू हाक मारली नसतीस, तर सही केली असती."

"मग बाबांना हे एकदा सांग."

"त्यांना काय सांगू? त्यांच्या लेखी मी तुझ्यापायी हरलो, तेच बरं हाय. आपल्या पोरानं बघूनसुद्धा लपवलं, हे या वयात त्यांना कशाला? त्यांना साहेब लोकांसारखा पोर नको होता." गाडीचे दार उघडत तो म्हणाला, "तू सोसशील. तुला सवय हाय."

त्याने दार लावून घेतले. सहकारी शिक्षिका फाटकाशी माझी वाट पाहत होत्या. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी मी चेहरा नीट केला.