चालत्या बसच्या पत्र्यावर थाप

काळेवाडीत युनूसचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे, पण चाकणच्या बाजूला विचाराल तर लोक त्याच्या बायकोलाच जास्त ओळखतात. झुलेखा रोज सकाळी मोटारसायकलच्या कॅरिअरला स्पेअर पार्टचं खोकं आवळून बांधते आणि मोशीमार्गे सुसाट निघते. कुरुळी, महाळुंगे, जिथं जिथं लहान गॅरेजं आहेत तिथं तिचा माल पोचतो.

ही फेरी पूर्वी युनूसच करायचा. मोबाइलवर मेसेज टाइप करत गाडी हाकणाऱ्या एका कारवाल्यानं त्याला मागून उडवलं, ऑपरेशन करून मांडीत सळई बसवावी लागली, आणि धंदा बसतो की काय अशी वेळ आली. तेव्हा झुलेखानं चावी उचलली. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "बाईच्या जातीनं त्या कंटेनरच्या गर्दीत मोटारसायकल चालवायची?"

"अम्मी, कंटेनरला कुठं कळतंय हेल्मेटच्या आत बाई आहे की बुवा," झुलेखा म्हणाली आणि किक मारली.

तेव्हापासून हायवेवर तिची नजर रस्त्याइतकीच लोकांच्या मानांवर असते. पुढची कार पांढऱ्या पट्ट्यावरून उगाच झोकांड्या खायला लागली की ती समजते, ह्याची मान मांडीतल्या मोबाइलकडे वळलीय. मग ती हॉर्नवर अंगठा ठेवते तो उचलतच नाही. कुणी शिव्या देतं, कुणी दचकून मोबाइल खाली टाकतं. तिला दोन्ही चालतं.

यात्रांचे दिवस होते. आजूबाजूच्या गावांतून बैलगाडा शर्यतींचे फलक लागले होते. त्या सकाळी इंद्रायणीचा पूल ओलांडून झुलेखा चाकणच्या दिशेनं निघाली, तर पुढं कामगारांची एक कंपनी बस डिव्हायडरला खेटून पळत होती. पळत होती म्हणजे कशी, तर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. झुलेखा बाजूला आली आणि तिनं बसच्या आरशात पाहिलं. पन्नाशीतला ड्रायव्हर, डोक्यावर टोपी, स्टिअरिंगच्या मागं टेकवून ठेवलेला मोबाइल, आणि तोंडानं चक्क आरोळी, "भिर्रर्र! हाण! हाण की!"

गडी शर्यत बघत होता!

झुलेखानं हॉर्न दिला. त्याच्या गावीही नाही. त्या रस्त्यावर हॉर्न कोण ऐकतंय? ती फूटरेस्टवर उभी राहिली आणि तिनं पुढं बघितलं. पुढं त्याच लेनमध्ये लोखंडी पाइप भरलेला एक ट्रेलर बंद पडून उभा होता. मागं इशारा म्हणून झाडाची एक फांदी टाकलेली, बाकी काही नाही. पाइपांची टोकं बसच्या काचेच्याच उंचीला!

बसच्या खिडक्यांत बायका पेंगत होत्या. कुणाचं डोकं शेजारणीच्या खांद्यावर, कुणाचं काचेवर.

तिनं विचार केला असं ती आजही म्हणत नाही. तिनं अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि बस आणि डिव्हायडर यांच्यामधल्या फटीत गाडी घातली. बस उजवीकडे सरकली असती तर संपलंच होतं. ड्रायव्हरच्या खिडकीखाली पोचताच तिनं डावा हात सोडला आणि पत्र्यावर थाप मारली. धाड! धाड! धाड!

"ओ चाचा! पुढं बघा! ब्रेक! ब्रेक मारा!"

ड्रायव्हरनं मान वळवली, हेल्मेटमधला तो चेहरा बघितला, मग समोर बघितलं, आणि दोन्ही पायांनी ब्रेकवर उभाच राहिला. टायर किंचाळले. रबराचा धूर उठला. बसमधून एकच आरडाओरडा झाला. आणि बस थांबली. पाइपांची टोकं आणि काच यांच्यात फार तर एक माणूस आडवा मावला असता.

झुलेखाची गाडी डिव्हायडरला घासत आडवी झाली. खोकं फुटलं, बेअरिंगं रस्त्यावर गडगडत सुटली. ती उठून उभी राहिली आणि तिला हसू आवरेना.

ड्रायव्हर बबनराव खाली उतरले ते तावातावानंच. "गाडीला हात लावायचा न्हाई! मेली असतीस की पोरी!" बोलता बोलता त्यांची नजर पाइपांकडे गेली. ते एकेक पाइप बघत राहिले. मग तिथंच बसच्या पायरीवर मटकन बसले.

आत मोबाइल अजून कोकलतच होता. पुढच्या सीटवरच्या सुमनताई, त्या बसमधल्या वयानं सगळ्यात मोठ्या, मोबाइल हातात घेऊन उतरल्या. "बबनराव, काय बघत होता?"

"धाकट्या भावाचं बैल पळत होतं, ताई. लई वर्सांनी शर्यतीत बारी लागली होती आमची."

"आणि आम्ही? आमची पोरं घरी वाट बघत्यात ती?"

बबनरावांनी टोपी काढली. झुलेखासमोर येऊन त्यांनी हात जोडले. "चुकलं, बया. व्हय, माझंच चुकलं."

तिला त्यांचा राग यायला हवा होता. युनूसच्या मांडीतली सळई आठवली, तसा आलाही. "माझ्या नवऱ्याला असंच एकानं उडवलं, चाचा," ती म्हणाली. "तो तर थांबलासुद्धा नाही. तुम्ही थांबलात."

तोवर बायका पदर, ओढण्या खोचून रस्त्यावर उतरल्या होत्या. दोघी मागं उभ्या राहून ओढण्या हलवत गाड्या बाजूला वळवत होत्या, बाकीच्या बेअरिंगं गोळा करत होत्या. एकीनं झुलेखाच्या खरचटलेल्या हातावर बाटलीतलं पाणी ओतलं. सगळ्या एकदम बोलत होत्या, हसत होत्या, मधेच रडत होत्या.

संध्याकाळी युनूसनं सगळं ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "चालत्या बसला हातानं मारत होतीस? वेडी आहेस का तू?" मग त्यानं तिचा सुजलेला तळवा हातात घेतला. "जोरात मारलंस?" त्यानं विचारलं.

"पत्र्याला पोचा पडला असेल!" झुलेखा म्हणाली, आणि दोघंही हसत सुटले.

त्या बसमध्ये आता बबनरावांचा मोबाइल फेरी संपेपर्यंत सुमनताईंच्या पिशवीत असतो. मोशीच्या पुढं कधी गाठ पडली की खिडक्या भराभर उघडतात, बायका हात बाहेर काढून ओरडतात, "झुलेखाऽऽ!" बबनराव हॉर्न देतात, पण समोरची नजर काढत नाहीत. झुलेखाही हात हलवत नाही, नुसता हॉर्न देते आणि बसला मागं टाकून पुढं निघते.