मैदानाकडे पाठ करून

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा, शेवटचा सोडला तर, एकही सामना काकांनी त्या हंगामात चुकवला नाही, आणि एकही गोल पाहिला नाही. सांगून पटणार नाही, पण खरं आहे. सामना सुरू झाला की आमच्या गोलच्या मागे ते बैठक मारायचे. पाठ मैदानाकडे, तोंड लोकांकडे. "काका, इकडं बघा की," म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "तुमी खेळा. मी हाय."

ते आमच्या गोलकीपरचे वडील. परभणीजवळ, पिंगळीच्या पुढच्या एका खेड्यात राहायचे आणि रेल्वेच्या गँगमध्ये रुळांच्या दुरुस्तीवर होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल झाली त्या पावसाळ्यात त्यांचं पोरगं वसतिगृह सोडून घरी गेलं, ते परत येईना. बौद्धांची बरीच पोरं तेव्हा अशी घरीच बसली होती. दिवाळीनंतर सामने तोंडावर आले, तसे कॅप्टन आणि मी सायकली काढून त्याच्या घरी गेलो. आम्ही दोघंही मराठ्यांची पोरं. आम्हाला दारात बघून घरातल्यांनी आधी आमच्या मागे आणखी कोणी आहे का ते पाहिलं.

काकांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शेजारच्या गावात घरं जळाली. तुमी ह्याला चेंडू आडवायला न्यायलाव. ह्याच्यावर दुसरं काई आलं तर ते कोन आडवील?"



"येईल त्यो," काका पोराकडे बघत म्हणाले. "पर मी बी येतो."

आम्हाला वाटलं, एखाद्या सामन्याला येतील. कसलं काय! ड्युटी बदलून घेऊन काका हंगामभर आले. मैदानाकडे पाठ का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गँगमदी समदे खाली वाकून काम करायलेत, तवा एकानं नुस्तं हुबं ऱ्हाऊन गाडी बघायची आसती. त्यो कामाकडं बघत बसला की मानसं गेली म्हनून समज."

मध्यंतरानंतर संघांच्या बाजू बदलायच्या. मग काकाही भाकरीचं फडकं बगलेत मारून कडेकडेने दुसऱ्या गोलमागे निघायचे. आमच्या गोलला जाळी नव्हती. एकदा सणसणीत चेंडू थेट त्यांच्या पाठीत बसला. पाठ चोळत, मागे वळूनही न बघता त्यांनी विचारलं, "आपला का त्येंचा?" आपल्या गोलमधून पाठीत बसलेला चेंडू म्हणजे त्यांचा गोल, हे त्यांना हंगाम संपेपर्यंत कळलं नाही.

बाहेरगावच्या एका सामन्यात मात्र काही टवाळ पोरं कीपरला जातीवरून बोलायला लागली. काका उठले. आता मारामारी होणार म्हणून आम्ही खेळ विसरून बघत राहिलो. काका जाऊन त्यांच्या मधोमध बसले आणि फडकं सोडलं.

"घ्या, तीळ लावलेली हाय. त्यो किपर माजा हाय. तुमचं कोन खेळायलंय?"

एक जण खाली मान घालून म्हणाला, "भाऊ."

भाकरी त्या एकानेच घेतली, पण तोंडं सगळ्यांची बंद झाली. उरलेला सामना काका तिथंच बसून होते.

शेवटचा सामना गंगाखेडला होता. परभणी स्टेशनवर आम्ही डब्यात चढलो आणि काका फलाटावरच उभे राहिले. मी हात पुढे केला. "चढा की काका, गाडी हलायली."

"न्हाई. आज तुमी हाव की."

आमच्या डब्यातली निम्मी पोरं नामांतराच्या विरोधात होती. त्यावरून आमच्यात वाद व्हायचे, अबोलेही व्हायचे. हे काकांना माहीत होतं, आणि तरी ते खालीच थांबले. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. खरं सांगतो, छाती फुगायची ती राहिली बाजूला, मला भीतीच वाटली.

तो सामना आम्ही हरलो. मी फुलबॅक, पण माझं अर्धं लक्ष लोकांकडे होतं, कोण काय बोलतंय, कोण उठतंय. गोल झाला तोही माझ्याच बाजूने. कीपरने येऊन माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला.

काका आता नाहीत. फुटबॉलमधलं त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि त्यांच्याएवढं प्रेम त्या संघावर दुसऱ्या कुणी केलंही नाही. त्या हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळा संघ तोंडं पाडून त्यांच्या घरी गेलो होतो. काका अंगणात दाढी करत बसले होते.

"हरलो, काका," मी म्हणालो.

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "पोराला कोनी काई बोललं का?"

"न्हाई."

"कोनीच न्हाई?"

"न्हाई, काका."

"मग हरलो कसं म्हनता?" काका म्हणाले, आणि अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आम्हाला बसायला घोंगडी आणायला आत गेले.