सासूनं पाठ केलेलं वाक्य

माझं आणि नवऱ्याचं भांडण हिंदीत होतं. मी चिंचणीची, तो आमच्याच किनाऱ्यावरच्या माहीमचा. दोघांची घरं मच्छीमारांची, दोघांच्या आया अस्सल मराठीत शिव्या देणाऱ्या. पण आमची ओळख झाली तारापूरच्या एका कंपनीत, गोळ्यांची पाकिटं खोक्यांत भरताना, आणि तिथं हिंदीशिवाय पान हलत नाही. बोईसर-तारापूरचा नियमच आहे तो. ज्याच्याशी पहिलं बोलणं हिंदीत झालं, त्याच्याशी मरेपर्यंत हिंदीच. आमच्या आळीतला रिक्षावाला, ज्याच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात, तोसुद्धा बोईसर स्टेशनाबाहेर मला ‘किधर जाना है मॅडम?’ विचारतो, आणि मीही ऐटीत ‘चिंचणी’ म्हणून बसते. वाटेत त्याच्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारते, तेही हिंदीतच. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

तर लग्नाचं ठरवायची वेळ आली, तेव्हा या शहाण्यानं घरी सांगितलं, ‘कंपनीतली मुलगी आहे, चिंचणीकडे राहते.’ बस्स. आता चिंचणीकडे खोली घेऊन राहणारे बाहेरचे कंपनीवाले काय कमी आहेत? त्यात त्याची आई रोज त्याला फोनवर माझ्याशी हिंदीत गुलुगुलु बोलताना ऐकत होती. ती धरूनच चालली, की पोरगं दूर देशीची सून आणतंय. वडील नाहीत, एकुलता एक मुलगा. बाई रडली, जेवणावर रुसली, शेवटी डोळे पुसून शेजारच्या भाडेकरणीकडे हिंदी शिकायला बसली. आणि हा? ‘मला कुणी विचारलंच नाही,’ म्हणे! हे सगळं मला मागाहून कळलं. आधी कळलं असतं तर तिथंच त्याला झोडपला असता.

मी पहिल्यांदा माहीमला त्यांच्या घरी गेले, तर सासू दारातच हात जोडून उभी. ‘आओ बेटी, बैठो. गरमी भोत हाय ना?’

मी सवयीनं ‘हां आंटी’ म्हटलं आणि बसले. जिभेला वळणच तसं पडलेलं, काय करणार! हा लगेच थंडा आणायला बाहेर पळाला. राहिलो मी, सासू आणि तिची जाऊ, म्हणजे ह्याची काकी. आणि त्या दोघी माझ्या तोंडादेखत, खुशाल, मराठीत माझ्याबद्दल बोलायला लागल्या.

‘नाकीडोळी बरी हाय,’ काकी म्हणाली.

‘बरी काय! हाडकुळी हाय. आन् हिला बोंबील साफ करायला कोण शिकवनार? हे लोक वासानंच पळतात.’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बोंबलाच्या वासात रांगत मोठी झालेली! खरं तर तिथंच सांगून टाकायचं. पण मला अशी हुक्की आली म्हणता! मी गोड हसून मान डोलावली.

‘हसते कशी बघ. येडीच दिसते,’ काकी म्हणाली.

येडी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तरी बशीत चहा ओतला, फुर्रकन प्यायले आणि म्हटलं, ‘चाय एकदम मस्त है आंटी.’

‘अगं, ते वाक्य बोल ना,’ काकीनं सासूला कोपरानं ढोसलं. ‘इतके दिवस पाठ करते ते.’

‘कसलं बोलू? हिला बघितलं नि इसरले.’ सासू पदराशी चाळा करत बसली. मग हळूच म्हणाली, ‘पोरगी वाईट नाय गं. पन तो दिवसभर कंपनीत. घरात आमी दोघीच. मी हिच्याशी बोलू काय? माझ्याच घरात मी मुकी होनार बघ.’

माझी सगळी मस्ती जिरली. फार वाईट वाटलं. मी कपबशी खाली ठेवली.

‘आये, मी चिंचणीची हाय. आन् तुमी बोंबील हातात घ्याल ना, तवर माझे साफ करून झालेले असतील.’

काकीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. सासूचा चेहरा आधी उतरला, मग लालबुंद झाला. ‘मगापासून ऐकते होय गं, सटवे!’ सासूनं मला मराठीत मारलेली ही पहिली हाक. पाठीत एक सणसणीत धपाटाही बसला, आणि तोच हात पाठीवर ठेवून बाई ढसाढसा रडायला लागली. मीही रडले. काकी मात्र हसतच होती.

तेवढ्यात हा बाटली घेऊन दारात. ‘क्या हुआ?’

‘कुछ नहीं, तेरी मम्मी रो रही है,’ मी म्हटलं.

‘मुडद्या, ही आपल्यातलीच हाय नि तू हिच्याशी हिंदी झाडतोस?’ म्हणत सासू चप्पल शोधायला लागली. तो पळाला, थंडा घेऊनच पळाला.

त्यानंतर सासू काही मुकी झाली नाही. उलट आमच्या दोघींच्या तोंडापुढे ह्यालाच बोलायला जागा मिळत नाही. आमचं दोघांचं हिंदी मात्र सुटलं नाही ते नाहीच.

मागच्या महिन्यात आमचं जोरात वाजलं. माझ्या माहेरावरून तो काहीतरी बोलला, मी दोन जास्त बोलले, आणि तो ओरडला, ‘तो जा ना चिंचणी! ये मेरा घर है!’ लागलं मला ते. खूप लागलं. मी पिशवीत साड्या कोंबल्या आणि दाराकडे निघाले.

सासू उंबऱ्यात आडवी उभी. तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, मान ताठ केली आणि पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं एकेक शब्द मोकळा करत म्हणाली, ‘बेटी, आज से ये घर तेरा है.’

मग पोराकडे वळली.

‘आन् तू रं, चिंचणीकडं कुठं भाड्यानं खोली मिळते का बघ.’