मांडुळाचं बिऱ्हाड

महाल भागातल्या रुपरावांसारख्या काचपेट्या अख्ख्या नागपुरात कोणी करत नाही, असं निदान रुपराव तरी सांगत. तीस वर्षं माशांच्या पेट्या करण्यात गेलेली. मासा दारातूनच नजरेत भरला पाहिजे, नाहीतर पेटी कसली, असा त्यांचा खाक्या.

त्यामुळे प्राण्यांच्या उपचार केंद्रातल्या डॉक्टर मधुवंतीने एका मांडुळासाठी पेटी मागितली, तेव्हा गडी भलताच फुलला. मांडूळ म्हणजे बिनविषारी, मातीत दडून राहणारा साप. शेपूट तोंडासारखीच बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. हे हातभर लांबीचं मांडूळ सावनेरकडच्या शेतात नांगराचा फाळ लागून जखमी झालेलं. जखम भरली, पण ते काही खाईना. खाल्लं तर परत शेतात सोडायचं, नाहीतर त्याचं काही खरं नव्हतं.

रुपरावांनी पेटीत जीव ओतला. मागे निळा कागद, आत लाल-पिवळे खडे, प्लास्टिकचा किल्ला, वर झगझगीत दिवा. सवयीप्रमाणे पेटी काठोकाठ पाण्याने भरून गळते का तेही पाहिलं आणि पाणी ओतून देऊन त्या ओल्या पेटीतच चार बोटं वाळू पसरली. आठवडा गेला. मांडूळ किल्ल्याआड मुटकुळं करून पडलेलं, आणि पुढ्यात टाकलेला मेलेला उंदीर तसाच.

"काका, अजून आठवडाभर असंच चाललं तर हा वाचणार नाही," मधुवंती म्हणाली.

त्या दिवशी रुपरावांना घरी घास उतरेना. त्यांच्या बायकोने, प्रयागबाईंनी, ताटाकडे पाहिलं. "अजी, साप उपाशी हाय, तुम्ही काहून उपाशी राहून राहिले?"

रुपरावांनी सगळं सांगितलं. किल्ल्याचं नाव निघताच बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचं माहेर सावनेरचं, कपाशीच्या शेतातलं. मांडुळं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली.

"मातीत लपणारा जीव तो. त्याले तुम्ही नवरदेवावानी दिव्याखाली बसवलं, तेही ओल्यात! चारचौघात कसा जेवन तो?"

"अवं, पण मातीत गेला तं दिसन कसा?"

"नाही दिसला तं काय बिघडते? जगला पाहिजे का दिसला पाहिजे?"

रुपरावांना हे बोलणं फार लागलं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी किल्ला, खडे, दिवा सगळं बाहेर आलं. कन्हान नदीची वाळू चाळून गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवली, तिच्यात भुसभुशीत माती मिसळली आणि वीतभर थर दिला. एका बाजूला तळाखाली ऊब देणारी पट्टी, दुसऱ्या टोकाला पाण्याची वाटी, एक चपटा दगड. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने तीन बाजूंच्या काचांवर खाकी कागद चिकटवला. तो चिकटवताना त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मांडूळ आत सोडलं तसं ते मिनिटभरात वाळूखाली गडप झालं.

वाळूवर नवा उंदीर ठेवला. एक दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मधुवंतीचा फोन आला आणि रुपराव पायात चपला न घालताच स्कूटरवर बसले. वाळू जराशी उकरल्यासारखी दिसत होती. उंदीर गायब. म्हाताऱ्याने डोळे पुसले, कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

तेवढ्यात केंद्रातला चौकीदार डोकावला. "काकाजी, हे रिकामी पेटी काहून पाहून राहिले गा?"

रुपरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. जेवून झोपला हाय."