घरच्या बायांची पंगत

तुम्ही मूळच्या कुठच्या, असं भिलाईत कोणी विचारलं, तर भागीरथाबाईनं भिलाईचं नाव कधी घेतलं नाही. तसा तिचा जन्म भिलाईजवळच्या नंदिनी नगरचा, वडील तिथल्या चुनखडीच्या खाणीत होते. लग्न होऊन आली ती स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये. नवरा केवलराम मशीन शॉपमधून रिटायर झाला, तोही इथलाच वाढलेला. तरी बाईचं उत्तर ठरलेलं, "आमी झाडीतले." झाडी म्हणजे भंडाऱ्याच्या पूर्वेकडचा धानाचा नि तळ्यांचा मुलूख. तो तिच्या सासऱ्यांनी सोडला त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती, पण अभिमान असा की जणू कालच तिथून धानाचं पोतं आलंय.

थंडी पडली की तिचे डोळे तिकडे लागायचे. दिवाळी सरल्यावर झाडीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार नि दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक, आणि घराघरांत पाहुणे. गोंदियाला गाडी बदलून वडसा, तिथून काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गाव. केवलरामच्या वाडवडिलांच्या घरी आता चुलतभाऊ देवराव राहायचा, त्याची बायको नलू, आणि म्हातारी आई तुळसाबाई. भागीरथा नि केवलराम नेमके मंडईच्या सकाळी पोचायचे, हातात भिलाईच्या मिठाईचा डबा. पाय धुवायला पाणी मिळायचं, सतरंजीवर बसवलं जायचं, पहिल्या पंगतीत पान. परत आल्यावर त्या पाहुणचाराचं कौतुक होळीपर्यंत पुरायचं.

हे असंच चाललं असतं. पण शेजारची कमलिनी ओडिशातल्या आपल्या गावाहून परतली ती कंबर धरून. गावी गेलं की सासू टेकू म्हणून देत नाही, अशी तिची तक्रार. बोटांना भेगा पडलेल्या, त्याही दाखवून झाल्या. मग तिनं सहज विचारलं, तुम्ही गावी काय काय काम करता? भागीरथा बोटांवर मोजू लागली. बसतो, जेवतो, मंडई पाहतो. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

"आपन तिथं पावनेच आहो जी," ती संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली. आपल्याच घरी कोणी मिठाईचा डबा घेऊन जातं का? केवलरामला यात दुःख कशाचं ते कळेना. पाहुण्याला वडे गरम मिळतात, एवढंच त्याचं म्हणणं. पुरुषाची अक्कल जेवणाच्या पानाबाहेर फारशी जात नाही, त्याला कोण काय करणार!

या वर्षी ती हट्टानं नवऱ्याला घेऊन चार दिवस आधी गेली, आणि डबा नेला नाही. झालं, देवराव मनात हिशोब करू लागला. भिलाईवाले इतक्या लवकर आले, तेही रिकाम्या हातानं, म्हणजे शेतीचा हिस्सा मागायलाच आले असणार! तो चहा देऊन लगेच शेताकडे निघाला, नलू नको तितकी गोड. तुळसाबाई ओसरीत बसून नुसती पाहत होती.

दुसऱ्या सकाळी अंगण सारवायला भागीरथानं बादलीला हात घातला, तर नलूनं ती काढून घेतली. राहू द्या बाई, तुम्ही पाहुण्या. नलू पाण्याला गेल्याची संधी साधून भागीरथा पुन्हा बसली. पण जन्म सिमेंटच्या फरशीवर गेलेला. हात फिरेना. एके ठिकाणी थर जाड, दुसरीकडे माती उघडी. तेवढ्यात काठी टेकत तुळसाबाई आली.

"हे सारवलं का शेन फासलं? काढ सारं. पुन्हा सारव."

हंडा घेऊन आलेल्या नलूनं जीभच चावली. पाहुणीला असं बोलतात का? भागीरथानं मात्र मुकाट्यानं सगळं खरवडलं आणि नव्यानं सारवायला घेतलं. गुडघे दुखत होते, पाठ भरून आली होती, पण तोंडावरचं हसू काही लपेना. एवढ्या वर्षांत या घरात तिला कोणी पहिल्यांदाच बोललं होतं. पाहुण्याला लोक मान देतात, बोलणी खायला घरचंच माणूस लागतं.

मंडईच्या दिवशी ती पहाटेपासून पाट्याशी होती. लाखोरीच्या डाळीचे वडे, घाण्यावर घाणे. ओसरी पाहुण्यांनी फुलली. पहिली पंगत बसली तशी सवयीनं नलूनं तिचंही पान मांडलं. केवलराम आधीच ठाण मांडून होता, त्यानं हाक मारली, ये न, बस. बाजूच्या बायांनी सरकून जागा केली. भागीरथा वड्यांचं ताट घेऊन तशीच उभी. पोटात कावळे ओरडत होते, पण बसली असती तर सारवलेलं अंगण, वाटलेली डाळ, सगळं पाण्यात. आणि आपणच नाही म्हणावं, तर तो पाहुणीचा लटका संकोच ठरला असता. बोलायला हवं होतं ते घरच्यांनी. तिनं नलूकडे पाहिलं. नलू गोंधळली.

"नलू, उचल थे पान," दारातून तुळसाबाई म्हणाली. "भागीरथा आत्ता कायले बसन? पावने उठल्यावर घरच्या बाया बसतीन."

पान उचललं गेलं. भागीरथानं वाढायला सुरुवात केली. डोळे भरून आले होते, धुराचं निमित्त बरं होतं.

घरच्या बायांची पंगत बसली तेव्हा दिवस मावळला होता. भात गार, भाजी तळाची. तुळसाबाईनं न विचारता तिच्या पानात एक तुटका, करपलेला वडा टाकला. इतक्यात केवलराम डोकावला. एवढा उशीर झाला, तू अजून जेवली नाहीस का, त्यानं विचारलं.

"घरचे मंग जेवतेत," ती म्हणाली, आणि आवाज मुद्दाम इतका चढवला की ओसरीतल्या शेवटच्या पाहुण्यालाही ऐकू जावा.