हुरमतबीचं माप

हुरमतबी मनियारीण दारात आली की आधी तुमचा हात हातात घ्यायची. नाव, गाव, कोणाची कोण, हे सगळं नंतर. डोक्यावरची बांगड्यांची पेटी खाली ठेवायची, मांडी घालून बसायची आणि समोर येईल त्या बाईच्या मनगटाभोवती अंगठा आणि मधलं बोट यांची कडी करायची. मग मान वर न करताच विचारायची, की संक्रांतीपेक्षा हात भरलाय, तिसरा महिना का? बाई लाजायची आणि घरातल्या म्हाताऱ्या चमकून बघायच्या. सासूला ठाऊक नसलेली बातमी औशात पुष्कळदा हुरमतबीला आधी कळलेली असायची.

"तोंड खोटं बोलतं, मनगट न्हाई," हे तिचं पालुपद होतं.

ती औशात किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत राहायची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. तिचे स्वतःचे हात मोकळे, आणि त्या मोकळ्या हातांनी तिने पंचक्रोशीतल्या तीन पिढ्यांना बांगड्या भरल्या. बांगड्या भरून झाल्या की ठरल्यापेक्षा एक जास्तीची चढवायची आणि बाई तिला वाकून नमस्कार करायची. मोठ्या घरांतून तिला ओसरीवर बसवत आणि पाणी वरून ओतत. आमच्या बौद्धवाड्यात मात्र ती भाकरीचं फडकं सोडून ऐसपैस जेवायला बसे आणि आमच्याच तांब्याने पाणी पिई. "तिकडं हात धरू देतात, तांब्या धरू देत न्हाईत," असं म्हणून स्वतःच हसायची.

बायका तिला सगळं विचारत. नवरा पितो, सासू पाण्यात पाहते, पोटात बाळ ठरत नाही, दिराने वाटणी मागितली. तिचा सल्ला कधी दोन वाक्यांपुढे गेला नाही. आमच्या शेजारची एकजण गाठोडं बांधून घर सोडायला निघाली होती, तिला ती म्हणाली, "जा की. पण जेवून जा. उपाशी माणूस अर्ध्या वाटंतून परत फिरतो." ती बाई जेवली आणि गेली ती गेलीच. पुढे लातुरात भाजी विकून तिने दोन मुलं वाढवली. चौथीनंतर माझी शाळा थांबवायचं घरात चाललं होतं, तेव्हा हुरमतबीने माझा हात धरून मायला सांगितलं, की हिला बांगड्या मी घालीन, पण शाळा संपल्यावर. माझी माय कोणाचं ऐकणारी नव्हती. तिचं ऐकायची.

तेच तर झालं.

बहात्तरच्या दुष्काळात बांगड्या कोण घेणार? माणसं मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी खात होती आणि बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. तरी हुरमतबी पेटी घेऊन हिंडायची. घरात पाय थांबत नाहीत म्हणायची. अडीचच्या मापाच्या बाया सव्वादोनवर आल्या आणि सव्वादोनच्या दोनवर, हे ती दारोदार सांगायची आणि कपाळाला हात लावायची.

त्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण कमल आठ दिवस माहेरी आली. ती एकोणीस वर्षांची, मी अकरा-बारा. तीन कोसांवरच्या गावात तिला देऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी ती चार भाकरी एकामागून एक खाऊन उठली आणि परसात जाऊन सगळं ओकून आली.  मायने खोदून खोदून विचारलं, पण कमलने ताकास तूर लागू दिली नाही. बरं चाललंय, इतकंच म्हणाली. दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणत होते की तिला लवकर पाठवलेली बरी, हजेरीपटावरून नाव गेलं तर सासरचे बोल लावतील. मायचं मन घेईना. पाठवायची की ठेवून घ्यायची, यावर दोन दिवस दोघांत धुसफूस चालली आणि शेवटी माय म्हणाली, हुरमतबीला हात दाखवू, ती सांगेल तसं.

हुरमतबी आली. कमल तिच्यापुढे बसली. तिच्या मनगटाभोवती ती कडी मिटली आणि बोटं एकमेकांवरून पुढे सरकली. हुरमतबीने हात उलटा करून पाहिला, दाबून पाहिला. माय तिच्या तोंडाकडे बघत होती, मी कमलच्या. कमल जमिनीकडे बघत होती.

"दुष्काळ हाय गं," हुरमतबी म्हणाली. "समद्यांचाच हात उतरलाय. पाऊस पडला की भरंल."

मायने सोडलेला श्वास मला अजून ऐकू येतो. हुरमतबीने कमलला हिरव्या सहा बांगड्या भरल्या, वर एक जास्तीची, आणि काही घेतलं नाही. कमलने वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला एसटीत बसवून दिलं.

दहा-बारा दिवसांनी भर दुपारी हुरमतबी धापा टाकत आली. पेटी डोक्यावर नव्हती. ती कमलच्या गावाला जाऊन आली होती. कमल कामावर गेलेली, म्हणून सासूने हौसेने आपला हात पुढे केला. सासूचं माप दुष्काळाआधी होतं तेच होतं. नणंदेचा हात धरला, तोही तसाच. मायला हे सांगताना तिचे ओठ कोरडे पडले होते.

"त्या घरात दुष्काळ एकाच हाताला लागलाय, बाई. पोरीला घेऊन या."

दादा तसेच उठले. एसटी स्टँडवरच त्यांना त्या गावचा माणूस सांगावा घेऊन येताना भेटला. सकाळी कामावर मातीची पाटी डोक्यावर असताना कमल खाली बसली होती ती उठली नाही. मागाहून कळलं, की तिला कामावर खायला मिळणारी सुकडी आणि घरातल्या भाकरी सासूच्या कुलपात असायच्या. दोन वर्षांत मूल नाही, मग खायला कशाला, असा हिशेब होता. मी कमलला शेवटचं पाहिलं तेव्हा त्या सात बांगड्या सरकून कोपराला जाऊन अडकल्या होत्या.

माय हुरमतबीला एका शब्दाने बोलली नाही. मी मात्र मनातल्या मनात पुष्कळ बोलले. मी तिचा राग राग केला, हे आज लिहायला लाज वाटते, पण केला.

वर्षभर ती आमच्या वाड्यात फिरकली नाही. आली तेव्हा तिची रीत बदलली होती. सल्ला देण्याच्या बाबतीत तिने कानाला खडा लावला होता. घरात शिरली की आधी सासूचा हात धरायची, मग लेकीचा, शेवटी सुनेचा, आणि सुनेला विचारायची, "जेवतीस का?" उत्तर येईपर्यंत हात सोडायची नाही. सासवांना ते झोंबायचं. मनियारणीचं डोकं फिरलं म्हणून कित्येक घरांनी तिला दार बंद केलं.

आणि तिची बोटं. रिकामी बसली की तिच्या उजव्या हाताची कडी आपोआप मिटायची. चहा पिताना, कोणाचं ऐकताना, उन्हात डुलकी घेताना. त्या कडीत कोणाचंच मनगट नसायचं, तरी ती कधी पुरती मिटायची नाही, नखभर मोठी व्हायची नाही की नखभर लहान. तिच्यात कमलचं मनगट नेमकं मावेल, हे मला बघताक्षणी कळलं होतं. मी त्या कडीला भ्यायचे. ती समोरून येताना दिसली की वाट बदलायचे आणि घरी मायच्या पाठीमागे झोपायचे.

दहा वर्षं गेली. लातूर वेगळा जिल्हा झाला आणि मला नव्या कलेक्टर कचेरीत टायपिस्टची हंगामी नोकरी लागली. जुन्या जिल्ह्याहून ट्रक भरभरून दप्तरं येत होती, पाट्या रंगत होत्या, खुर्च्या कमी आणि साहेब जास्त अशी गत होती. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. नवरा नांदेडला रेल्वेच्या कचेरीत, मी लातुरात एका खोलीत, शनिवार-रविवारचा संसार. त्यात मला खोकला लागला. संध्याकाळी अंग तापायचं. हंगामी माणसाने आजारी पडायचं नसतं, म्हणून मी कोणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. पुढे पुढे तर काम आहे म्हणून त्याला शनिवारी येऊ नको असंही लिहू लागले. त्याला वाटलं, बायकोला नोकरीची हवा लागली. त्याने पत्रं कमी केली आणि मी हट्टाने विचारलं नाही.

अशात एके दिवशी मायने दिलेला लोणच्याचा डबा घेऊन हुरमतबी कचेरीत आली. केस पांढरे झालेले, पेटी तीच. डबा टेबलावर ठेवून तिने माझा हात धरला. मला ओढून घ्यावासा वाटला. कडी मिटली आणि बोटं एकमेकांवरून पुढे सरकली.

ती काही बोलायच्या आधी मीच म्हणाले, "नवा जिल्हा आहे, खाला. काम फार. सगळ्यांचंच असं झालंय."

ती उठली. आमच्या शाखेत आणखी दोघीजणी होत्या. त्यांच्या टेबलापाशी जाऊन, बांगड्या विकायला आल्यासारखं करून, तिने दोघींचे हात धरले. दोघींनी हसत हसत पुढे केले. ती परत येऊन माझ्यासमोर बसली.

"मागं मी दुष्काळाचं नाव घेतलं," ती म्हणाली. "आता जिल्ह्याचं घेऊ व्हय? हितं तुझाच हात उतरलाय, पोरी."

टाइपरायटरवर अर्धवट राहिलेला कागद तसाच होता आणि मी रडत होते. ती मला व्हरांड्यात घेऊन गेली. तिथे तिने जे सांगितलं ते मायला कधीच कळलं नाही. कमलच्या सासूचा हात धरला त्या क्षणी तिला सगळं उमगलं होतं. तेव्हा सकाळ होती. पण त्या गावात आणखी चार घरं राहिली होती, दुष्काळात कित्येक दिवसांनी बोलावणं आलेली. ती घरं करून संध्याकाळ झाली. तिथेच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी औशाला आली.

"कमल त्या सांजंला कामावरून घरी आली असंल गं," ती म्हणाली. "मी त्याच गावात व्हते. चार घरं करून राहिले व्हते."

 तिची रिकामी बोटं तिच्या मांडीवर मिटलेली होती. दहा वर्षं मी ज्या बाईवर दात धरून होते ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त स्वतःवर धरून होती, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी तिने लातुरात पेटी उघडलीच नाही. मला सरकारी दवाखान्यात नेलं आणि रांगेत माझा हात धरून बसून राहिली. क्षय निघाला. सुया आणि गोळ्या लिहून दिल्या. मी गयावया केली, की नोकरी जाईल, कोणाला सांगू नको. तिने मान डोलावली. मग सरळ नांदेडची एसटी धरली, माझ्या नवऱ्याची कचेरी विचारत विचारत गाठली आणि त्याला दारातच सांगितलं, की तुमच्या बायकोचा हात उतरलाय, आज चला, उद्या नको. तिला तो ओळखतही नव्हता. त्याने मला पुढे सांगितलं, की आधी त्याला वाटलं म्हातारी वेडी आहे. पण तिने त्याचं मनगट धरलं होतं आणि ती सोडत नव्हती. तो तसाच अंगावरच्या कपड्यांनिशी तिच्याबरोबर आला.

मी बरी व्हायला दीड वर्ष लागलं. नोकरी गेली नाही, उगीच भीत होते. नवऱ्याने लातूरला बदली मागून घेतली नाही, तिथे रेल्वेची तेवढी कचेरीच नव्हती, पण एक शनिवार चुकवला नाही. पुढे मलाच नांदेडला जागा मिळाली. हुरमतबी दर दोन-चार महिन्यांनी यायची, हात धरायची आणि काही न बोलता निघून जायची. मी तिच्यासमोरून वाट बदलायचं सोडून दिलं. तिच्या कडीची भीती मात्र माझ्या मनातून पुरती कधीच गेली नाही.

भूकंपाच्या आदल्या वर्षी मायचा निरोप आला, की हुरमतबी फार दिवसांची नाही. मी औशाला गेले. तिच्या खोलीत पुतण्याची बायको उशाशी बसली होती. हुरमतबीचे डोळे बंद होते, चार दिवस तिने कोणाला ओळखलं नव्हतं. गोधडीवर तिचा उजवा हात पडला होता आणि त्याची बोटं तशीच मिटलेली होती. पुतण्याची बायको म्हणाली, की पाणी पाजतानासुद्धा ही बोटं उघडत नाहीत, बळ लावलं तर कण्हते.

मी बांगड्या वर सारल्या आणि माझं मनगट त्या कडीपाशी नेलं. आत जाईना. दोन लेकरांनंतर माझा हात चांगला भरला होता. मी हलकेच टेकवला आणि थांबले. बोटांना काहीतरी लागलं. ती थोडी सैल झाली, आणखी झाली, मनगटावरून चाचपडत फिरली. मग कडी उघडली आणि मनगटाला बसली. अंगठा आणि बोट यांत चांगलं दोन बोटं अंतर राहिलं. तिने ते अंतर पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं.

"जेवतीय पोरगी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो खाला, जेवते."

तिने कोणाचा हात समजून ते म्हटलं, माझा की कमलचा, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी ती गेली, तेव्हा तिचा हात गोधडीवर उघडा पडला होता.