तिकीट इस्पितळाचंच

रत्नागिरीकडे येणाऱ्या एसटीत तेव्हा एक रीत होती. ज्यांना मनोरुग्णालयात जायचं असे, ते त्या थांब्याचं तिकीट मागत नसत. पुढच्या थांब्याचं मागत, तिथे उतरत, बाजाराला आल्यासारखं जरा इकडेतिकडे बघत आणि मग उन्हातून मागे चालत येत. सोबतच्या आजारी माणसालाही चालवत. कंडक्टरला हे ठाऊक असे. तो काही बोलत नसे, नुसता मागे वळून बघत असे. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

पहिल्या खेपेला सगुणाही तशीच उतरली. चौऱ्याऐंशीची दिवाळी नुकतीच झाली होती. पुढे थोरला दीर महिपत, मध्ये पंधरा वर्षांची मुलगी मथुरा, मागे सगुणा. मथुरा थोडं चालायची आणि थांबायची. एका चिऱ्याच्या गडग्याला, कुंपणाच्या बुटक्या भिंतीला टेकून ती म्हणाली, "आई, मला नाही जमत."

घरातून अंगणात यायचं जिच्या जिवावर येत होतं, तिला आपण लोकांच्या नजरेसाठी उगाच चालवतो आहोत, हे सगुणाला त्या गडग्यापाशी उमगलं. पुढे तिने जे काही केलं त्याची सुरुवात तिथे झाली.

मथुरा आठवीपर्यंत मुंबईत वाढली. बाप दादू गिरणीत होता आणि परळला आत्याच्या खोलीत बापलेक राहत. सगुणा गावी भातशेती बघायची. संप झाला, गिरणी गेली, आत्याची खोलीही सुटली. दादू कुठल्याशा गोदामावर पहारेकरी झाला, तिथेच झोपू लागला आणि मथुरेला गावी धाडलं. एका उन्हाळ्यात शाळा गेली, मैत्रिणी गेल्या, रोज दिसणारा बाप गेला. गावच्या शाळेत मुली तिला "मुंबयवाली" म्हणत आणि तिच्या बोलण्याची नक्कल करत. नववीला ती नापास झाली. त्या पावसाळ्यात तिने अंथरूण धरलं.

ताप नव्हता, खोकला नव्हता. पहाटे सगळ्यांच्या आधी जागी व्हायची आणि उठायची मात्र नाही. दोन घासांवर ताट सरकवायची. केसांच्या जटा झाल्या. काय होतंय विचारलं तर रडायची, आणि का रडतेस विचारलं तर म्हणायची, "माहीत नाही." सगुणाने आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, एकदा हातही उगारला. वाडीतल्या बायकांनी आपापलं सांगितलं. कुणी म्हणालं लाडावलीय, कुणी म्हणालं उजवून टाका. शेजारच्या येसूबाईने पडवीत बसून निकाल दिला, "मुंबयची पोर ती. कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

महिपतने देवळात कौल लावला. देवीच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली कळी आधी पडते ते बघायचं. सदू गुरवाने विचारलं, "हे घरातल्या वाडवडलांचं असेल तर उजवा दे, बाहेरचं असेल तर डावा दे." डावी कळी पडली. बाहेरच्याला कोंबडा दिला. मथुरा उठली नाही.

सगुणा बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. उजवी पडली असती तरी कोंबडाच गेला असता. पोर आजारी आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिने मथुरेला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, "हे माझ्याकडचं नव्हे. रत्नागिरीला न्या. कुठे ते कळलं ना?" कळलं होतं. महिपत म्हणाला, बाईमाणसाने एकटीने तिथे जायचं नाही, मी येतो. तो सोबतीला आला तसा राखणीलाही आला होता.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी सगुणा-महिपतला बाहेर बसवलं आणि त्या मथुरेशी एकटीशी बराच वेळ बोलल्या. मग दोघांना आत घेऊन विचारलं, "घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं?"

"आमच्या घराण्यात असला काय नाय," महिपत म्हणाला.

"सासूबाईंना होतं," सगुणा म्हणाली.

थोरल्या दिरासमोर ती एरवी डोक्यावरचा पदर नीट केल्याशिवाय बोलत नसे. आता पदराचं भान नव्हतं. "भिंतीकडे तोंड करून बसायच्या. अन्न टाकलं, त्यातच गेल्या. अंगात आलंय म्हणून सगळे बघत राहिले. मी नवी नवरी होते, मीही बघत राहिले."

"सगुणे, तोंड आवर!"

"आवरलंच होतं भावोजी. सोळा-सतरा वर्षं आवरलं."

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे लिहून घेतलं. मग सांगितलं की याला नैराश्य म्हणतात आणि हा आजार आहे, आळस नाही, आणि वेडही नाही. थोडं रक्तातून येतं, थोडं आयुष्य लादतं. या मुलीवर एकदम बरंच लादलं गेलं. मोठं माणूसही वाकलं असतं. गोळ्या लगेच लागू पडणार नाहीत. आधी तोंड कोरडं पडेल, झापड येईल. काही आठवडे धीर धरा. गोळ्या स्वतःच्या ताब्यात ठेवा, मोजून द्या. पोरीला जगणं नकोसं वाटतंय, तिने मला तसं सांगितलंय, तेव्हा तिला एकटी सोडू नका आणि त्याबद्दल तिच्याशी बोलायला घाबरू नका. रोज थोडा वेळ बाहेर बसवा, झेपेल तेवढंच काम द्या. दर पंधरवड्याला माझ्याकडे आणा, मला तिच्याशी बोलायचंय.

"आणि बरं वाटलं की बंद करायचं नाही. घरोघर तीच चूक होते."

दुसऱ्या खेपेला महिपत आला नाही. कंडक्टरने घंटीची दोरी धरून विचारलं, "कुठं?" सगुणाने मोठ्याने सांगितलं, "मनोरुग्णालय. दोन अख्खी." पुढच्या बाकांवरची डोकी मागे वळली. मथुरेने मान खाली घातली. सगुणा दाराशी उभी राहिली आणि तिला घेऊन फाटकासमोर उतरली.

वाडीत ते संध्याकाळच्या आत पोचलं. पाणवठ्यावर बायका कळशी घेऊन बाजूला सरू लागल्या. सगुणाने त्याचा फायदा घेतला. तिचा नंबर लवकर लागू लागला.

पौष संपता संपता मथुरा एका दुपारी जेवताना म्हणाली, "आमटीत मीठ नाही." सगुणा चुलीशी होती. ती उठली नाही. मीठ पुढे सरकवलं आणि तोंड फिरवून जाळ सारत बसली. पुढच्या आठवड्यात पोरीने आपणहून डोक्याला तेल मागितलं. जटा सोडवायला दोघींना सगळी सकाळ लागली. सगुणा शाळेत जाऊन मास्तरांना जे आहे ते सांगून आली. मास्तरांनी मथुरेला पुन्हा नववीत घेतलं आणि नक्कल करणाऱ्या दोघींना बाकावर उभं केलं.

आता महिपत म्हणू लागला, कोंबडा लागू पडला. मिरजोळ्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका मुलाचं स्थळ त्याने आणलं. "शिमग्यात बघायला येतील. तोवर त्या गोळ्या आन् त्या वाऱ्या बंद. इस्पितळातली पोर कोण करून घेईल?"

शिमग्याला दादू आला. दोघे भाऊ देवळात गेले, सगुणाही मागोमाग गेली. सदू गुरवाने कळ्या भिजवल्या आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली, "पोर बरी झाली, आता औषध बंद करायला हुकूम असेल तर..."

"थांबा गुरवदादा," सगुणा पुढे झाली.

गाऱ्हाण्यात बाई बोलत नाही. सदूचा हात तसाच राहिला.

"कळी कुठलीही पडो, औषध बंद होणार नाही. देवीला उगाच कशाला मध्ये घालता? मागच्या वेळी तिला अर्धंच विचारलंत. आता जे ठरवून आलात ते तिच्या तोंडून वदवताय."

"देवीच्या पुढ्यात ही भाषा?" महिपत ओरडला. "दादू, बायकोला आवर. खुळी झाली ती पण!"

"झाले तर गाडीचा थांबा मला माहीत हाय," सगुणा म्हणाली. "स्थळ बघायला येऊ देत. मी सांगणार हाय, पोर औषध घेते. ऐकून जे बसतील त्यांना चहा करीन."

सगळे दादूकडे बघत होते. गाऱ्हाण्याचा नारळ त्याच्या हातात होता. तो म्हणाला, "आयेला आपण असंच बसवून ठेवलं होतं, दादा." नारळ पायरीवर ठेवून तो बाहेर पडला.

स्थळ आलंच नाही. महिपतने बोलणं टाकलं आणि पेरणीला बैल द्यायचा नाही असं कळवलं. सगुणाने मागितलाही नाही.

चैत्रातल्या खेपेला गाडीत पुढच्या बाकावर येसूबाई होती. तिकीट काढताना मथुराच बोलली, आईच्या आधी. थांबा आला तशी येसूबाईने मान वळवली आणि गाडीभर ऐकू जाईल असं विचारलं, "अगो, हयसर कुठं उतरतांस? बाजार तर पुढं हाय!"

मथुरा दारात थांबली.

"डोक्याच्या डॉक्टरकडे जातेय काकी," ती मुंबईच्या मराठीत म्हणाली. "तुमचं काही विचारायचं असेल तर सांगा, जागा राखते."

कंडक्टर आधी हसला, मग मागची बाकं. येसूबाईचं तोंड खिडकीकडे गेलं.

"पुरे गो, उतर," सगुणा मागून म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं. मथुरा उतरली, आईची पिशवी घेतली आणि फाटकाकडे चालू लागली.